दराचे सूत्र आणि लवादाचे दार

सरकारी खरेदीच्या करारांत लवादाचे कलम सरसकट घालू नये, घालायचेच तर ते दहा कोटी रुपयांहून कमी रकमेच्या वादांपुरते ठेवावे, अशी मार्गदर्शक सूचना केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने ३ जून २०२४ रोजी काढली. मोठे वाद मध्यस्थीने मिटवावेत, ते न जमल्यास न्यायालयात जावे, असा तिचा आशय. न्यायालयीन विलंबावरचा उतारा म्हणून १९९६ साली ज्या लवाद कायद्याचे स्वागत झाले, त्याच्याकडे सरकारनेच पाठ फिरवावी हे विचार करायला लावणारे आहे. सरकारची तक्रार अगदीच निराधार नाही. निवाडा अंतिम असेल ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो न्यायालयांच्या नव्या वारीचा आरंभ ठरतो. मात्र त्या वारीत सरकारी खातीही हिरिरीने चालत असतात, याचा विसर पडू नये.

दराच्या वादाचे मूळ लवादाच्या कलमात नसते, दराच्या कलमात असते. महाराष्ट्राने हे दाभोळ प्रकल्पात पुरेपूर अनुभवले. गुहागर तालुक्यातील अंजनवेलच्या या वीज केंद्रासाठी एन्रॉनशी जून १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला, तोही स्पर्धात्मक निविदा न मागवता. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे जागतिक बँकेने १९९३ साली कळवून अर्थसाहाय्य नाकारले होते. तरीही त्याच वर्षी डिसेंबरात राज्य वीज मंडळाने वीस वर्षांच्या वीज खरेदी करारावर स्वाक्षरी केली.

या करारातील दराचे सूत्र मुळातून समजून घेण्याजोगे आहे. दराचे दोन भाग होते. पहिला क्षमतेचा आकार. केंद्र वीज देण्यास सज्ज असले की तो द्यायचाच, मग मंडळाने वीज घेवो वा न घेवो. दुसरा इंधनाचा आकार, प्रत्यक्ष घेतलेल्या विजेनुसार. या साऱ्या हिशेबाची गाठ डॉलरशी बांधलेली. इंधन महागले तर बोजा मंडळावर, रुपया घसरला तर मंडळावर आणि राज्यातील मागणीचा अंदाज चुकला तरीही मंडळावरच. ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला, तेव्हा कंपनीने लंडनमध्ये लवाद सुरू केला आणि काही महिन्यांतच वाटाघाटी होऊन प्रकल्प परत आला. दर उतरल्याचे सांगण्यात आले. सूत्राचा गाभा तोच राहिला. केंद्राच्या प्रतिहमीवर मे १९९६ मध्ये तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने शिक्कामोर्तब केले. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या ज्या कार्यकर्त्यांनी या प्रकल्पाविरुद्ध गावोगावी प्रचार केला होता, त्यांना हे वळण बोचणारे होते. आज ते झाकून ठेवण्याचे काहीच कारण नाही.

मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला. पुढच्याच वर्षी खनिज तेल महागले, रुपया उतरला आणि मंडळाने ही महाग वीज घेणे कमी केले. घेतलेल्या थोड्या युनिटांवर क्षमतेचा पूर्ण आकार विभागला गेल्याने काही महिन्यांत युनिटचा दर सात रुपयांच्याही वर गेला. गृहिणीच्या भाषेत सांगायचे तर दूध घेतले अर्धा लिटर, पैसे मात्र रतिबाच्या दोन लिटरचे! सांगितल्या वेळेत वीज दिली नाही म्हणून जानेवारी २००१ मध्ये मंडळाने कंपनीला ४०१ कोटी रुपयांचा दंड आकारला, मे महिन्यात करारच मोडला. वाद लंडनच्या लवादापुढे, राज्य वीज नियामक आयोगापुढे आणि न्यायालयांत असा एकाच वेळी तीन दारी गेला. डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत निघाली, तरी जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी मॉरिशसशी झालेल्या गुंतवणूक कराराच्या आधारे भारत सरकारविरुद्ध दावे लावले. २००५ साली तडजोड होऊन केंद्र ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ या नव्या कंपनीकडे गेले.

दर न्याय्य होता की नव्हता, हा प्रश्न लवादापुढे येतच नाही. कागदावर काय लिहिले आणि ते कोणी मोडले, एवढेच तेथे तपासले जाते. न्यायालयातही याहून फारसे वेगळे घडत नाही. तेव्हा दार बदलून काय साधणार? मध्यस्थीचा मार्ग निश्चितच शहाणपणाचा, पण तडजोडीच्या कागदावर सही कोण करणार? निवाड्यानुसार व्याजासह पैसे भरणाऱ्या अधिकाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. वाटाघाटीत चार पैसे सोडणाऱ्याच्या मागे मात्र लेखापरीक्षण आणि दक्षता विभाग लागतो. गैरहेतू नसतानाही अधिकाऱ्याला गोवू शकणारे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील कलम २०१८ च्या दुरुस्तीने वगळले गेले. भीती वगळली गेली नाही. निवृत्त न्यायाधीश व तज्ज्ञ यांच्या उच्चस्तरीय समितीची तरतूद २०२४ च्या सूचनेत आहे. अधिकाऱ्याला खरा आधार तिच्याकडूनच मिळू शकेल.

या बदलात सर्वाधिक कुचंबणा होईल ती मधल्या फळीतील उद्योजकाची. बलाढ्य कंपन्या वीस वर्षे न्यायालयात उभ्या राहू शकतात. सूक्ष्म व लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याने सुविधा परिषदेचे दार दिले आहे. थकलेल्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे आणि निवाड्याला आव्हान देण्यापूर्वी खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम भरावी लागते. त्यांच्याहून थोडा मोठा कारखानदार या संरक्षणाबाहेर राहतो. रक्कम भरण्याची हीच अट सरकारी खात्यांनी हरलेल्या प्रत्येक लवादाला लावली, तर अपिलांचा उत्साह आपोआप ओसरेल.

आणि काही काम निविदेच्या टेबलावरच उरकता येण्यासारखे आहे. दीर्घ मुदतीचा कोणताही पुरवठा करार मंजूर करण्यापूर्वी इंधन वा कच्चा माल दीडपट महाग झाला, रुपया घसरला आणि मागणी निम्म्यावर आली तर प्रत्येक युनिट किती रुपयांना पडेल, हे तीन हिशेब टिपणासोबत जोडण्याची सक्ती करावी. दाभोळच्या वेळी ते एका पानात मावले असते.