स्वादुपिंडाचा कर्करोग : पीएच.डी.ची वाट पनवेलवरून

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत दडलेले असते. तिथे वाढणारी गाठ हाताला लागत नाही आणि बराच काळ दुखतही नाही. कावीळ होते, वजन उतरते किंवा पाठ धरते तोवर आजार बहुधा पुढे गेलेला असतो. २०२२ साली जगभरात या कर्करोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ४ लाख ६७ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की आजाराची जात कळते. अमेरिकेसारख्या सधन देशातही निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आहे.

संशोधकाला हा आजार खेचून घेतो तो एका विसंगतीमुळे. त्याचे मूळ कारण इतर कर्करोगांच्या मानाने स्पष्ट आहे. नव्वद टक्क्यांहून अधिक गाठींत केआरएएस या एकाच जनुकात बिघाड सापडतो. त्याच्या जोडीला टीपी५३, सीडीकेएन२ए आणि एसएमएडी४ ही तीन जनुके वारंवार बिघडलेली आढळतात. ही यादी पाठ असून उपचार मात्र हाती लागत नव्हता, कारण केआरएएसच्या प्रथिनावर औषधाला पकड मिळेल अशी खाच दिसत नव्हती. २०२१ मध्ये अमेरिकेत सोटोरासिब या औषधाला मान्यता मिळाली. पण ते ज्या जी१२सी बदलावर चालते तो स्वादुपिंडात शंभरातल्या एखाद-दुसऱ्या गाठीत असतो. तिथे बहुतांशी जी१२डी, जी१२व्ही आणि जी१२आर हे बदल दिसतात आणि सध्याची धावपळ त्यांच्यावरच्या औषधांमागे आहे. गाठ या औषधांना कशी चकवते, हा येत्या काही वर्षांतल्या अनेक प्रबंधांचा विषय असणार.

दुसरा विषय वेळेचा. २०१० साली जॉन्स हॉपकिन्समधील गटाने गाठींतील उत्परिवर्तने मोजून हिशेब मांडला. पहिल्या बिघाडापासून खऱ्या कर्करोगाची पहिली पेशी जन्माला यायला सरासरी दहाएक वर्षे लागतात, त्यानंतर ती पसरण्याची क्षमता मिळवायला आणखी पाचेक वर्षे. म्हणजे पकडायला वेळ असतो, साधन नसते. सीए १९-९ ही रक्ततपासणी सरसकट चाळणीसाठी निरुपयोगी आहे. ती ज्या रेणूचा शोध घेते तो काही लोकांच्या शरीरात तर जन्मतःच तयार होत नाही. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्यांपैकी सुमारे एक टक्का लोकांत पुढच्या तीन वर्षांत हा कर्करोग निघतो. हा एक टक्का बाकीच्या नव्व्याण्णवांतून वेगळा कसा काढायचा, हा प्रश्न जीवशास्त्राचा आहे तितकाच संगणकाचा.

इथे बायोइन्फर्मेटिक्स, म्हणजे जैविक माहितीचे संगणकीय विश्लेषण, येते. लॅपटॉप आणि इंटरनेट असले की रत्नागिरीत बसूनही कर्करोगावर संशोधन करता येते, असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. ते अर्धे खरे आहे. अमेरिकेच्या टीसीजीए प्रकल्पातील जनुकीय माहितीचा मोठा भाग कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतो. आर आणि पायथन या भाषा, लिनक्सची सवय आणि थोडे संख्याशास्त्र एवढ्या भांडवलावर काम सुरू होते. पण कच्ची अनुक्रम-माहिती कुलुपात असते. तिच्यासाठी संस्थेच्या सहीने अर्ज करावा लागतो आणि ती पेलायला घरचा संगणक पुरत नाही.

उरलेले अर्धे ऊतींचे आहे. निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया शक्य असलेले रुग्ण १५ ते २० टक्केच असतात. बाकीच्यांची ऊती मिळते ती दुर्बिणीतून सुई घालून काढलेल्या तुकड्याएवढी. त्यात हा अवयव पाचकरसांचा कारखाना. त्याच्या विकरांमध्ये आरएनए तोडणारे विकरही असते, त्यामुळे नमुना वेळेत गोठवला नाही तर ज्या आरएनएवरून जनुकांचे वागणे वाचायचे तोच विरघळून जातो. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी गोठणपेटी घेऊन उभा राहणारा माणूस नसेल, तर पुढचे सारे गणित वाया जाते. शोधनिबंधात त्याचे नाव बहुधा शेवटच्या आभारात असते, तेही आठवण राहिली तर.

गाठीचा मोठा हिस्सा कर्कपेशींचा नसतोच. तंतू, रक्तवाहिन्या आणि प्रतिकारपेशी यांची दाट गर्दी असते. गाठ वाटून केलेल्या मोजणीत या सगळ्यांचा आवाज एकत्र येतो. म्हणूनच एकेक पेशी सुटी करून वाचण्याचे तंत्र इथे मोलाचे ठरले. २०१९ साली चिनी संशोधकांनी २४ गाठी आणि ११ निरोगी नमुन्यांतील ५७ हजारांहून अधिक पेशी अशा वाचल्या. टीसीजीएच्या संचातही खड्डे आहेत. तिथे स्वादुपिंडाच्या नावाखाली सुमारे १८५ रुग्ण दिसतात, पण प्रकल्पाच्या २०१७ च्या मुख्य निबंधात १५० च गाठी घेतल्या आहेत. वगळलेल्यांत संप्रेरके बनवणाऱ्या पेशींच्या गाठीही होत्या. स्टीव्ह जॉब्ज यांचा आजार त्या जातीचा. अवयव तोच, रोग वेगळा. पोर्टलवरची यादी जशीच्या तशी उचलणारा विद्यार्थी दोन निराळे रोग एका पिशवीत भरतो.

अशा पिशव्यांमधून ‘रुग्ण किती जगेल हे सांगणारी सात जनुके’, ‘नऊ जनुके’ असे शोधनिबंध वर्षानुवर्षे निघत आहेत. त्यातल्या फारच थोड्या याद्या रुग्णालयापर्यंत पोहोचल्या. सार्वजनिक माहितीतून आणखी एक जनुकांची यादी काढणे, एवढाच बेत असलेली पीएच.डी. घेऊ नये, हे या सदराचे स्पष्ट मत आहे. पदवी मिळेल, पण तीन ते सहा वर्षे परक्या नमुन्यांची फेरमोजणी करण्यात जातील.

परक्या म्हणायला कारण आहे. या आजाराची मोठी जनुकीय भांडारे अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि चीनमध्ये भरली. आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम प्रकल्पात भारताने वाट्याला घेतला तो गालाच्या आतल्या अस्तराचा आणि हिरड्यांचा कर्करोग. तंबाखूच्या देशाला तेच साजेसे होते. आयआयटी मद्रासने २०२५ मध्ये खुला केलेला भारतीय कर्करोग जीनोम संच स्तनाच्या कर्करोगाचा आहे. स्वादुपिंडाची पाळी यायची आहे. भारतात या अवयवाचा एक खास आजारही आहे. उष्णकटिबंधीय स्वादुपिंडदाह, ज्यात कोवळ्या वयात खडे धरतात आणि मधुमेह होतो. केरळात तो विशेष अभ्यासला गेला, तर हैदराबादच्या सीसीएमबीमधील गटाने एसपीआयएनके१ या जनुकाशी त्याचा संबंध दाखवला. या रुग्णांना पुढे कर्करोगाचा धोका अधिक असतो. त्यांच्या गाठी पाश्चात्त्य गाठींसारख्याच असतात का, हा प्रश्न भारतीय विद्यार्थ्यानेच विचारावा असा आहे.

ऊती आणि संगणक एकत्र असलेली, रत्नागिरीला सर्वांत जवळची जागा खारघरला आहे. कोकण रेल्वेने पनवेलला उतरायचे, पुढे लोकलने तिसरे स्थानक. टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था तिथे आहे. परळच्या टाटा रुग्णालयात शैलेश श्रीखंडे यांच्यासारखे स्वादुपिंडाचे शल्यविशारद काम करतात, तर अ‍ॅक्ट्रेकमध्ये पेशीशास्त्र आणि जीनोमशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत. पीएच.डी. मिळते ती होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाची.

मुंबईतल्या कर्करोग संशोधनाची परंपरा जुनी आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी एम.एस्सी.ला सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला होता. मुंबईत येऊन त्यांनी वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगावर काम केले आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. मग अमेरिकेत, हेला पेशी वाढवणाऱ्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकून आल्यावर त्यांनी मुंबईत भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलीला ‘आपला विषय कर्करोगाचा नाही’ असे वाटत असेल, तर सीताफळ आठवावे.

पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. पेशींचे वाण सांभाळून देशभर पुरवणारे भांडार तिथे चालते. पुणे विद्यापीठाच्याच आवारात १९८७ पासून बायोइन्फर्मेटिक्सचे केंद्र आहे. अशोक कोळस्कर यांनी ते घडवले आणि प्रथिनाचा कोणता भाग प्रतिकारशक्तीला चेतवेल हे ओळखण्याची त्यांची व टोंगावकर यांची १९९० ची पद्धत आजही वापरात आहे. आयसर पुण्यात परम ब्रह्म हा महासंगणक आहे. यांपैकी एकाही ठिकाणी दारात शस्त्रक्रियागृह नाही, म्हणून रुग्णालयाशी लेखी सहकार्य असलेला मार्गदर्शक शोधावा लागतो.

जिल्ह्यात काय आहे? डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या साथीने टाटा स्मारक केंद्र रत्नागिरी जिल्ह्याची कर्करोग नोंदवही चालवते. मुंबईत उपचार घेऊन गावी परतलेल्या रुग्णाचा मागही अशा नोंदवहीत काढावा लागतो. निदान किती उशिरा होते, त्याआधी मधुमेह होता का, किती रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतात, या प्रश्नांवर साथरोगशास्त्राचा चांगला प्रबंध उभा राहू शकतो. वेट लॅब (पेशी-ऊतींवरचे काम) आणि ड्राय लॅब (संगणकावरचे काम) यांच्या वादात हा तिसरा मार्ग कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रवेशाचे दार बहुतेक ठिकाणी सीएसआयआर-यूजीसी नेट, डीबीटीची किंवा आयसीएमआरची जेआरएफ परीक्षा यांतून उघडते. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. मुंबई विद्यापीठाची ‘पेट’ ही पीएच.डी. प्रवेश परीक्षाही अनेकांना ठाऊक असते. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्राला (जेआरएफ) महिना ३७ हजार आणि पुढे वरिष्ठ अधिछात्राला (एसआरएफ) ४२ हजार रुपये, शिवाय घरभाडे मिळते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत, परंतु त्यांच्या वेळापत्रकावर घरखर्चाचा हिशेब बांधणे धोक्याचे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार अभ्यासाचा काळ किमान तीन आणि साधारणतः कमाल सहा वर्षे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर एम.एस्सी.शिवायही अर्ज करता येतो. तरी या विषयात एम.एस्सी.ची दोन वर्षे वाचवण्यात शहाणपण नाही. प्रोग्रॅमिंग आणि पेशीसंवर्धन दोन्हींना हात लागतो तो तिथेच.

परदेशात हायडेलबर्गचे जर्मन कर्करोग संशोधन केंद्र या आजारासाठी नावाजलेले आहे. युरोपच्या मारी क्युरी डॉक्टरल जाळ्यांत विद्यार्थी पगारी नोकर म्हणून नेमला जातो. अट एवढीच की, ज्या देशात जायचे तिथे त्याने मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य केलेले नसावे. रत्नागिरीहून थेट अर्ज करणाऱ्याला ही अट आपसूक पार होते.

मुलाखतीत मार्गदर्शकाला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. नमुने कोणत्या रुग्णालयाचे, किती, आणि नीतिसमितीची मंजुरी झाली आहे का? अनुक्रम काढण्याचा खर्च कोणत्या प्रकल्पातून, आणि तो प्रकल्प किती वर्षे चालणार? संगणकावर मिळालेले उत्तर पेशींत किंवा उंदरांत तपासून पाहणारे शेजारी कोणी आहे का? आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकाकडून नव्हे, प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठ विद्यार्थ्याकडून कँटीनमध्ये घ्यावे.