तेवढं एक गळायलंय

आईचा फोन रविवारी सकाळी येतो. त्याला एक ठरलेला क्रम आहे. आधी जेवलीस का, मग कोणाचं लग्न ठरलं, मग कोण गेलं, आणि ठेवता ठेवता खरी बातमी. २०२४ च्या जुलैमधल्या त्या रविवारी ती म्हणाली, "बाकी सगळं बरंय. माजघरात तेवढं एक गळायलंय बघ. बादली ठेवलीय मी खाली."

'तेवढं एक'. घरदुरुस्तीच्या बाबतीत या दोन शब्दांवर सरकारने बंदी घालायला हवी. गृहकर्जाच्या जाहिरातीखाली बारीक अक्षरांत अटी असतात ना, तसा हे दोन शब्द उच्चारणाऱ्यालाही इशारा द्यायला हवा. पण मी हिंजवडीतल्या भाड्याच्या वन बीएचकेत, हातात कॉफीचा मग, मूड एकदम सही. म्हटलं, "हो गं, पावसाळा झाला की येते. चार दिवसांची लीव्ह टाकते, मिस्त्री लावू, विषय संपवू." मनातल्या मनात बजेटही काढलं. पंधरा हजार, फार तर वीस.

आमचं घर बिलोलीला. नांदेडहून नरसीमार्गे जायचं. गावापासून पुढे मांजरा ओलांडली की तेलंगणा. घर माळवदाचं. शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. सागाच्या खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर दाटीनं लाकडं आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. खाली दोन-दोन हात रुंद दगडी भिंती. मेच्या उन्हात आत शिरलं की एसी झक मारेल असा गारवा. माझ्या इन्स्टावर या घराचे फोटो आहेत, आणि त्याखाली पुण्यातल्या मैत्रिणींचे 'किती लकी आहेस!' वगैरे.

त्याच आठवड्यात, १० जुलैला, सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ रिश्टरचा धक्का बसला. नांदेडपर्यंत भांडी वाजली. मी घाबरून फोन केला. आई शांत होती. "काही नाही झालं. बादलीत थोडी माती पडली, बस."

पाणी पडायच्या जागी माती पडली, हे माझ्या डोक्यात अडकायला हवं होतं. नाही अडकलं. क्वार्टर एंड होता.

जानेवारीत गेले. मिस्त्री म्हणजे मामू. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांच्या भिंती त्यांनी नाहीतर त्यांच्या वडिलांनी बांधलेल्या. पहिला दिवस प्लॅनप्रमाणे. गळतं तिथे वरून हातभर खणायचं, ओली माती काढायची, नवी भरायची, चोपायची, चहा प्यायचा. मामू वर चढले. अर्ध्या तासाने आवाज आला, "बेटी, जरा ऊपर आके देख."

शिडीवरून वर गेले. खड्डा गुडघ्याएवढा झाला होता आणि लाकूड अजून लागलं नव्हतं. "ये मिट्टी नहीं, पहाड रख्या है तुम लोगां ने," मामू म्हणाले.

खड्ड्याच्या कडेला थर दिसत होते. करडा, पिवळट, पुन्हा करडा. अगदी कापलेल्या पेस्ट्रीसारखे. बाबा हळूहळू शिडी चढून आले आणि वाकून बघत राहिले. आमच्याकडे मृग निघायच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकायची रीत. जुनी वाहून जाते, भेगा पडतात, म्हणून दरवर्षी नवी. बाबा म्हणाले, "मी गाडीभर टाकायचो. अण्णापण टाकायचे." अण्णा म्हणजे माझे आजोबा. दरवर्षीची 'तेवढी एक' डागडुजी. वाहून जायची थोडी, राहायची जास्त. साठ-सत्तर वर्षांत तिची दोन फूट झाली होती.

मी इंजिनिअर आहे, पण कॉम्प्युटरची. तरी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार येतो. माजघर दहा बाय सोळा. दोन फूट जाडी म्हणजे ३२० घनफूट माती. घनफुटाला पंचेचाळीस किलो धरले तरी चौदा टन. प्रवाशांनी भरलेली एसटी असते ना, साधारण तेवढं वजन. तिच्याखाली माझे आई-बाबा रोज रात्री गाद्या टाकून झोपत होते. आणि ते वजन आम्हीच, मोठ्या मायेने, वर चढवलं होतं.

पुढचे तीन दिवस कसे गेले ते थोडक्यात. माती काढली तर कड्या दिसल्या. कड्या दिसल्या तर त्यातल्या चार वाळवीने खाल्लेल्या. कडी काढायला भिंतीजवळचा दगड हलवला तर भिंतीला पोट आलेलं. पोट बघायला गिलावा काढला तर मागच्या खोलीची वायर उघडी. मीटर आजोबांच्या काळातलं, वायर त्याहून जुनी असावी असा संशय. शनिवारी रात्री माझी लीव्ह संपली तेव्हा माजघराला छत नव्हतं, आई-बाबा ओसरीत झोपत होते आणि पंधरा हजारांतले अठरा गेले होते. सोमवारी सकाळचा स्टँडअप कॉल मी अंगणातल्या लिंबाखाली बसून घेतला. मागून घणाचे आवाज. टीम लीडने विचारलं, "आर यू ऑन अ साइट?" म्हटलं, येस, प्रॉडक्शन डाऊन आहे.

मग सल्ले सुरू झाले. गावात घर उघडं पडलं की सल्ल्यांना तोटा नसतो. सगळ्यांत लोकप्रिय सल्ला, "स्लॅब टाकून मोकळं व्हा." एक ठेकेदार तर दोन दिवसांत आकडा घेऊन आला. भिंती मजबूत आहेतच, त्यावर सरळ स्लॅब, दीड महिन्यात काम ओके. मला ते पटलंही होतं. नशीब, कॉलेजातली एक मैत्रीण लातूरला स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. तिला व्हिडिओ कॉलवर भिंत दाखवली. ती एवढंच म्हणाली, "या भिंतीवर स्लॅब टाकलास तर मी तुझ्या घरी पाणीसुद्धा प्यायला येणार नाही."

बाबांना ते झेपेना. "दगडाच्या भिंती आहेत. आपल्या गावातली मशीद बघ, मुघलांच्या काळातली, अजून जशीच्या तशी." मैत्रिणीने फोनवरच समजावलं. काका, ती घडीव दगडाची आहे, दगडावर दगड बसवलेला. तुमची भिंत बाहेरून दगडी दिसते, पण ती एक भिंत नाही, दोन आहेत. आतला एक पदर, बाहेरचा एक पदर, मधे दगडगोटे आणि माती. दोघांना आरपार बांधणारा दगड कुठेच नाही. जमीन हलली की दोन पदर दोन दिशांना जातात, आणि वरची माती खाली येते.

हे ती पुस्तकातलं बोलत नव्हती. लातूरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आधी, किल्लारी. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. धक्का सहा रिश्टरच्या थोडा वर. जगात याहून मोठे भूकंप दरवर्षी होतात. तरी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. अशाच भिंती आणि अशीच माळवदं अंगावर कोसळून गेली. नंतर पाहणी करणाऱ्या इंजिनिअरांनी जे लिहून ठेवलं त्यात हेही होतं, की वर्षानुवर्षं टाकलेल्या मातीने छतं बेसुमार जड झाली होती.

माझा जन्म त्यानंतरचा. आई सांगते, तेव्हा बिलोलीतही लोक कित्येक रात्री अंगणात झोपले. मग थंडी पडली आणि सगळे आत गेले.

त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने सरकारने घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची मोठी योजना राबवली. जवळपास दोन लाख घरं. गंमत बघा, कल्पना अशी होती की जुनं घर पक्कं करा. माळवदाची माती कमी करा, भिंतीत आरपार जोडदगड घाला, खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू द्या. पण बहुसंख्य लोकांनी त्या पैशात जुन्या घराला हात न लावता शेजारी एक नवी खोली बांधली. अहवाल लिहिणाऱ्यांना हा अडाणीपणा वाटला असेल. मला नाही वाटत. ज्या छताने शेजारच्या गावातली माणसं घेतली त्याला टेकू देऊन पुन्हा त्याच्याखाली झोपायला छाती लागते.

मी हे सगळं बाबांना मोठ्या उत्साहाने सांगत होते, आदल्या रात्री गुगलवर वाचलेलं. ते उठले, ट्रंक उघडली आणि एक पिवळं पडलेलं कात्रण माझ्यापुढे ठेवलं. भिंतीचं चित्र, जोडदगड, कमी केलेली माती, टेकू. बाणांसकट. १९९४ चं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की."

"मग कामून नाही केलं?"

ते थोडा वेळ कात्रणाची घडी घालत बसले. "आधी तुझ्या आत्याचं लग्न होतं. मग तू झालीस. मग तुझं नांदेडचं हॉस्टेल, मग पुण्याची फी. दरवर्षी म्हणायचो, यंदा माती टाकून भागवू. पुढच्या वर्षी बघू."

यावर काय बोलणार? माझ्या खात्यात तेव्हा पाच लाख होते. वाकडला एका टॉवरमध्ये फ्लॅट बघून ठेवला होता, बुकिंगची तारीखसुद्धा ठरली होती. ब्रोशरमध्ये इन्फिनिटी पूल आणि योगा डेक. मी कात्रणाचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला आणि विचारलं, याला किती लागतील?

शेवटी जे केलं ते दोन्हीच्या मधलं. पुढच्या सोप्याचं माळवद ठेवलं. माती वीतभर ठेवून बाकी सगळी उतरवली. एकट्या माजघरावरून चार ट्रॉल्या निघाल्या. खाल्लेल्या कड्या बदलल्या, मातीखाली जाड प्लास्टिक अंथरलं, कोपऱ्यांत टेकू दिले. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यात गज आणि काँक्रीट भरलं. मामूंनी हे काम आयुष्यात पहिल्यांदा केलं आणि आता गावभर तेच सांगत फिरतात. मागची पडकी खोली पाडून तिथे कॉलमवर उभी असलेली एक खोली आणि संडास-बाथरूम बांधलं. हो, आमच्याकडेही लोकांनी तीस वर्षांपूर्वी केलं तेच झालं. शेजारी एक नवी खोली.

वाळूचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या भागातल्या मांजरेची वाळू भरलेले टिप्पर हैदराबादच्या वाटेला लागताना बघत मी मोठी झाले. आणि नदीपासून हाकेच्या अंतरावर राहून मला वाळूच्या भावाने घाम फुटला. मामू म्हणाले, "अपनी नदी है, लेकिन रेती अपनी नहीं."

आणि मग फरशी. नवी खोली झाल्यावर आईला जुनी शहाबादी काळपट दिसायला लागली. फरशी बदलायची तर ओटाही. ओटा तर मग ट्रॉल्या. या आजाराला नाव आहे, बरं का. दिदरो नावाच्या फ्रेंच लेखकाने अठराव्या शतकात एक लेख लिहिला. त्याला नवा झगा मिळाला, मग त्यापुढे खुर्ची जुनी वाटली, मग टेबल, मग भिंतीवरची चित्रं. सगळं बदलून बसला आणि जुन्या झग्यासाठी हळहळला. म्हणून याला 'दिदरो इफेक्ट' म्हणतात. तर दिदरोसाहेबांना मी ओट्यावर थांबवलं. वाळवीची साखळी तोडता येत नाही, कारण तुळई तुमच्यासाठी थांबत नाही. ट्रॉल्या थांबतात. आई दोन दिवस बोलली नाही. चालायचंच.

मृगाच्या दहा दिवस आधी काम संपलं. एकूण चार लाख ऐंशी हजार. पंधराच्या पुढे एवढं कसं झालं, असं कोणी विचारलं की मी त्या थरांचा फोटो दाखवते. वाकडच्या सेल्सवाल्याचे अजून मेसेज येतात, 'मॅम, लास्ट फ्यू युनिट्स'. मी हिंजवडीतल्याच भाड्याच्या घरात आहे. टपकणारा नळ आहे, तो घरमालकाचा प्रश्न.

ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या शेजारच्या मुखेड तालुक्यात रात्रीतून एवढा पाऊस पडला की गावांत पाणी शिरलं, माणसं गेली. बिलोलीतही पाऊस थांबत नव्हता. मी घरी फोन लावला. आई म्हणाली, नव्या खोलीत आहोत, कोरडं आहे, लाइट तेवढी गेलीय.

"बाबा?"

"टॉर्च घेऊन सोप्यात गेलेत. माळवद बघायलेत."

"गळायलंय का?"

"नाही गं. नुसतेच बघायलेत."

फोन तिने खाटेवर ठेवला, बंद करायला विसरली. मी बराच वेळ तो पाऊस ऐकत बसले.