नोकरदार आणि समाजमाध्यमे : दोष कोणाचा?

कचेरीतले काम अडले की आपण पहिला दोष मोबाईलला देतो. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. खेड्यातून एस.टी.ने आलेला शेतकरी दारात ताटकळत उभा असावा आणि टेबलामागे रील पाहण्याचा कार्यक्रम रंगात यावा, याचे समर्थन कोण करील? परंतु मित्रहो, ही एकच बाजू झाली.

२८ जुलै २०२५ रोजी राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम-वापरावर परिपत्रक काढले. खाजगी व कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये, खाजगी खात्यावर गणवेश वा शासकीय वाहन मिरवू नये, स्वतःची स्तुती टाळावी, असे त्यात सांगितले आहे. कंत्राटी कर्मचारीही त्यातून सुटलेले नाहीत. गणवेशातल्या रीलचा सुळसुळाट पाहता त्यातले काही योग्यच आहे. (धोरणाचे चटके रोज सोसणाऱ्यानेच गप्प बसावे, हे मात्र मला पटत नाही. असो.) याच परिपत्रकाने कामाच्या समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम वापरण्याची मुभा दिली आहे. माझे गाऱ्हाणे आहे ते इथे. या मुभेला वेळेची मर्यादा प्रत्यक्षात कोठेच दिसत नाही.

आपल्या तालुक्यातल्या एखाद्या प्राथमिक शिक्षकाचे घर पाहा. केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पोषण आहाराचा, निवडणूक कामाचा. रात्री नऊला 'माहिती तात्काळ सादर करावी' असा निरोप येतो आणि जेवणाचे ताट बाजूला सरते. पूर्वी जिल्ह्याहून टपाल येई. उत्तराला दोन दिवस तरी मिळत. आता निळ्या खुणा उमटल्या की 'पाहिले नव्हते' म्हणण्याचीही सोय नाही. मुलांशी बोलणे तुटते, झोप तुटते. शिवाय साहेबांचा निरोप आणि मेव्हण्याच्या लग्नाचे फोटो एकाच पडद्यावर येतात. दिवसा कचेरीत निरोपासाठी उघडलेला फोन मग मिटत नाही. ज्या सवयीबद्दल आपण कर्मचाऱ्याला बोल लावतो, ती काही अंशी कचेरीनेच लावलेली आहे.

फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी तसे खाजगी विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये व पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये मांडले. पण १९७० नंतर एकाही खाजगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, तेव्हा त्याची वाट किती पाहायची?

सायंकाळी सातनंतर ग्रुपवर निरोप नाही, एवढा ठराव तालुक्याच्या पातळीवरही करता येईल. निकडीच्या प्रसंगाचे काय, असे कोणी विचारील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उमरगा-लोहाऱ्याने खरी निकड पाहिली आहे. तशा वेळी कर्मचाऱ्याला मध्यरात्रीही उठवावे. गणवेश किती वाटले, हा आकडा सकाळपर्यंत थांबू शकतो. आणि सकाळी तो देऊन झाला की फोन टेबलाच्या खणात ठेवावा, ही अट कर्मचाऱ्यांनीही मान्य करावी.