दोन शब्द, एक स्वातंत्र्य

भाची यंदा वकिलीच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा राज्यघटनेच्या इंग्रजी आणि मराठी प्रती शेजारी शेजारी उघडून बसली होती. म्हणाली, "मामा, उद्देशिकेत लिबर्टी, एकोणिसाव्या कलमात फ्रीडम, एकविसाव्यात पुन्हा लिबर्टी. मराठीत मात्र सगळीकडे स्वातंत्र्यच. मग इंग्रजीला दोन शब्द कशाला लागले?"

प्रश्न मनात घोळत राहिला. लिबर्टी लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आली. फ्रीडम हा इंग्रजीचा घरचा शब्द. लिबर्टी म्हटलं की समोर सत्ता उभी असते, राजाची नाहीतर सरकारची, आणि तिने कुठवर हात घालायचा याची हद्द आखलेली असते. फ्रीडमचा पैस मोठा. १९४१ साली रूझवेल्ट यांनी भीती आणि ददात यांपासून मुक्त जगाची मागणी केली ती फ्रीडम याच शब्दात. तिथे लिबर्टी बसलीच नसती.

आपल्या मसुदा समितीला हा फरक पक्का ठाऊक होता. एकविसाव्या कलमाच्या मसुद्यात आधी नुसतीच लिबर्टी होती. समितीने तिच्याआधी 'पर्सनल' जोडलं आणि कारणही नोंदवलं: नाहीतर हा शब्द इतका सैल वाचला जाईल, की दुसऱ्या कलमात दिलेली फ्रीडम्सही त्यात ओढली जातील. शब्दाची एवढी काळजी घेणारी माणसं आपल्याला लाभली, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण त्या काळजीची भिंतही झाली. १९५० साली स्थानबद्ध ए. के. गोपालन सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा बहुमताने ठरलं की एकोणिसावं आणि एकविसावं ही दोन कलमं वेगळी. कायद्याने कोंडलेल्या माणसाला एकोणिसाव्या कलमाचा आधार मागता येणार नाही. ही भिंत पुढे ढासळत गेली आणि १९७८ साली, मनेका गांधींच्या पासपोर्टच्या खटल्यात, पुरती पडली. न्यायालयाने दोन्ही कलमं एकत्र वाचली. मराठी प्रतीत तर दोन्हीकडे पहिल्यापासून एकच शब्द आहे, आणि मला तो तसाच हवा आहे.

जाता जाता भाचीला सांगितलं, की इंग्रजी 'फ्री' आणि संस्कृत 'प्रिय' एकाच मुळाचे. घरची, जिवाभावाची माणसं ती फ्री; गुलाम त्यात नव्हते. 'फ्रेंड'ही त्याच कुळातला.

तिने पेन्सिल घेतली आणि एकोणिसाव्या कलमाशेजारी समासात लिहिलं: प्रिय.