आधी उजेड, मग बाकीचं

घरात पिस्तूल ही गोष्ट आपल्याकडे सिनेमातच बघायची. पण आता तालुक्याच्या गावांतल्या लेकी-सुनाही अमेरिकेत संसार करतात आणि तिथे शेजारच्या घरात पिस्तूल असणं नवलाचं नाही. स्वसंरक्षणासाठी ते घरी बाळगणं हा नागरिकाचा हक्क आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. तेव्हा उद्या लेक फोनवर म्हणाली, "आई, आम्हीही घेतलंय गं," तर नुसतं "अगं बाई!" म्हणून कसं भागेल? चार गोष्टी आपल्यालाही ठाऊक हव्यात.

माझ्या भाचीकडे ते आलंय. आता त्याला काय जोडायचं यावर नवरा-बायकोत वाद. "मावशी, हे म्हणतात लेझर लावू, दुकानदार म्हणतो टॉर्च लावा. तुला काय वाटतं?"

लेझर म्हणजे नळीखाली बसणारं छोटंसं यंत्र. गोळी साधारण जिथे लागणार तिथे लाल किंवा हिरवा ठिपका पडतो. हिरवा डोळ्यांना जास्त ठळक दिसतो. पण लेझर नळीच्या जरा खाली असतो, म्हणून ठरावीक अंतरावर तो आधी जुळवून घ्यावा लागतो. आणि मुख्य म्हणजे नेम कुठे आहे एवढंच तो सांगतो, समोर कोण आहे ते सांगत नाही. ठिपका चोराच्या छातीवर पडलाय की पाणी प्यायला उठलेल्या सासूबाईंच्या, हे त्या ठिपक्याला काय कळणार?

टॉर्चचं तसं नाही. पूर्वीचा ६० वॅटचा बल्ब सुमारे ८०० ल्युमेन उजेड द्यायचा. पिस्तुलावरच्या चांगल्या टॉर्चचा तेवढा उजेड एका झोतात पडतो. चेहरा दिसतो, हात दिसतात, हातात सुरा आहे की मोबाईल तेही दिसतं. म्हणून दोन्हींत निवडायचंच तर टॉर्च, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण तिच्यातही एक मोठी खोट आहे. जिकडे उजेड, तिकडे नळी! ज्याला गोळी घालायची नाही त्याच्यावर नळी रोखायची नाही, हा तर पिस्तूल हाताळण्याच्या शिकवणीतला अगदी पायाचा नियम. मग अंधारात कोण आहे हे बघायला तीच टॉर्च वापरली, तर आपल्याच लेकरावर पिस्तूल रोखल्यासारखं नाही का झालं? टॉर्चचं बटण दाबताना चाप ओढला गेल्याच्या घटना तिथल्या प्रशिक्षित पोलिसांच्या हातूनही घडल्या आहेत. आपण तर झोपेतून दचकून उठलेली माणसं.

कुणी म्हणेल, एका हातात पिस्तूल, दुसऱ्यात टॉर्च, मग फोन कशाने करायचा? मुलाला कसं धरायचं? मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच पिस्तुलावर टॉर्च असू द्यावी, पण बघण्याचं काम उशाशी ठेवलेल्या साध्या टॉर्चने आणि भिंतीवरच्या बटणाने करावं. लेझर अगदी शेवटी, नाही घेतला तरी चालेल.

आणि कोणताही उजेड बंद दारापलीकडे पोचत नाही. दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस आठवतो? १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे त्याने स्वच्छतागृहाच्या बंद दारातून ४ गोळ्या झाडल्या. आत त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकॅम्प होती, ती गेली. चोर शिरलाय असं वाटलं, हे त्याचं म्हणणं. दारामागे कोणीही असो, गोळ्यांनी ते मरू शकतं हे त्याला कळत होतं, असं म्हणत तिथल्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये त्याला खुनासाठी दोषी ठरवलं. आपलं माणूस शेजारी अंथरुणात आहे की नाही, हे आधी बघायला लेझर लागत नाही, मैत्रिणींनो. हात लांब केला तरी पुरतं.

आणखी एक गोष्ट सांगते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या १ ते १९ वर्षांच्या मुला-मुलींच्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण बंदुकीची गोळी हे ठरलं. त्यात खून आले, आत्महत्या आल्या आणि खेळता खेळता हाती लागलेलं पिस्तूलही आलं. तेव्हा जोडणीवर पैसे खर्च करण्याआधी चटकन उघडणारी, पण मुलांना न उघडणारी कुलूपबंद पेटी घ्यायला हवी.

तुमची लेक-सून तिकडे असेल तर पुढच्या फोनला जेवणखाण विचारून झालं की हेही विचारा. पिस्तूल कुलपात असतं का? उशाशी टॉर्च आहे का? रात्री आवाज आला तर मुलांजवळ कोण जाणार आणि पोलिसांना फोन कोण करणार, हे दोघांनी ठरवलंय का? या प्रश्नांना उत्तर नसेल, तर लेझर लाल की हिरवा याची चर्चा खुशाल पुढच्या महिन्यावर टाकायला सांगा.