चाक मोठं, गादी लहान

काय दोस्तांनो, परीक्षा झाल्या का? या आठवड्याच्या टपालात देवरीहून एक मजेदार पत्र आलंय. सातवीतला आपला एक दोस्त लिहितो :

"आमच्याकडे स्विफ्ट गाडी आहे. लग्नसराईच्या आधी दादाला तिला १७ इंची अलॉय चाकं बसवायची आहेत. बाबा म्हणतात, काही गरज नाही. घरात रोज वाद! आम्ही पाचही जण याच गाडीने चिचगडकडे आजीला भेटायला जातो. तुम्हीच सांगा, बरोबर कोण?"

बाबा की दादा? निकाल देण्याआधी थोडं गणित करू या. घाबरू नका, पाचवी-सहावीचंच आहे.

गाडीजवळ जा आणि टायरच्या बाजूवर उठवलेले आकडे वाचा. स्विफ्टच्या साध्या मॉडेलवर १६५/८० आर १४ असं माप असतं. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची ही रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल, ही टायर बनवायची पद्धत. आणि १४ म्हणजे आतल्या रिमचा व्यास, इंचांत. आहे की नाही गंमत? एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच!

आता १६५ चे ८० टक्के किती? १३२. म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत १३२ मिलिमीटर टायर. रिमच्या वर १३२, खाली १३२, मध्ये १४ इंच म्हणजे ३५६ मिलिमीटर. बेरीज झाली ६२०. हा आपल्या चाकाचा पूर्ण व्यास.

हा ६२० चा आकडा नीट लक्षात ठेवा, सगळी मेख इथेच आहे. गाडीचा वेगदर्शक काटा चाकाच्या फेऱ्यांवर चालतो. समजा, रिम १५ इंची घेतली आणि टायर मात्र तेवढाच उंच ठेवला. व्यास होईल ६४५. चाक प्रत्येक फेरीला चार टक्के जास्त अंतर कापणार. काटा दाखवेल ८०, गाडी धावत असेल ८३ ने! शिवाय वळताना टायर मडगार्डला घासायची भीती वेगळीच. म्हणून नियम पहिला : रिम मोठी झाली, तरी बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहिला पाहिजे. दोन-तीन टक्क्यांपलीकडे फरक नको.

मग करायचं काय? रिम वाढली की टायरची बाजू बुटकी करायची. स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ टायर देते. करा बरं हिशेब : १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०. दोन वेळा १२० आणि १५ इंचांचे ३८१. बेरीज ६२१. जुळलं की नाही?

आता दादाच्या १७ इंची चाकाकडे येऊ. तिथे २०५/४५ आर १७ हे माप बसवलं तर व्यास येतो ६१६. हेही जुळलं! मग बाबांचं काय चुकलं? काहीच नाही. पुन्हा बघा, टायरच्या बाजूची उंची किती उरली? फक्त ९२ मिलिमीटर. १३२ ची ९२ झाली. चार सेंटीमीटर गेले!

हे चार सेंटीमीटर कसले? हवेच्या गादीचे. जुन्या बैलबंडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असायची. दगड आला की दणका थेट कमरेत! १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर राहत होते. मुलाच्या तीनचाकी सायकलला हादरे बसू नयेत म्हणून त्यांनी तिच्या चाकांना हवा भरलेल्या रबरी नळ्या लावल्या. तेव्हापासून आपण हवेवर बसून प्रवास करतो. रिम जेवढी मोठी, तेवढी ही गादी पातळ.

पातळ गादीचे फायदेही आहेत बरं का. बुटका टायर वळणावर कमी लचकतो, गाडी हाताला घट्ट लागते. दादाचं मन तिथे जाणारच! पण देवरीवरून जाणारा मुंबई-कोलकाता महामार्ग सोडून आडरस्त्याला लागलात, पावसाळ्यात पाण्याखाली खड्डा लपलेला असला आणि गाडीत पाच माणसं असली, तर? खड्ड्याची कड थेट रिमला लागते. टायरची बाजू चिमटून आतले धागे तुटू शकतात, तिथे फुगा येतो आणि असा टायर भर वेगात फुटू शकतो. लोखंडी रिम बहुधा वाकते, अलॉय तडकूही शकते.

दुसरा आकडा तितकाच महत्त्वाचा. मापाच्या पुढे ८५ टी असं काही लिहिलेलं असतं. ८५ हे वजनाचं सांकेतिक मोल : एक टायर ५१५ किलो पेलतो. ८८ असेल तर ५६०, पण ८४ असेल तर ५००. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा टायर. नियम दुसरा : नव्या टायरचे हे दोन्ही दर्जे जुन्यापेक्षा खाली यायला नकोत.

नियम तिसरा आईबाबांसाठी. चकचकीत रिमवर पैसे उधळले आणि टायर मात्र स्वस्तातला, जुना घेतला, असं कधी करू नका. रस्त्याला धरून ठेवतो तो टायर, रिम नव्हे. टायरवर चार आकड्यांची जन्मतारीख असते. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात ती वाचूनच पैसे द्या. आणि रिमची रुंदी नव्या टायरला चालते का, नटांची भोकं जुळतात का, हेही विचारा. मोटार वाहन कायद्यानुसार गाडीत मनाला येतील तसे बदल करता येत नाहीत, म्हणून कंपनीने त्याच गाडीला दिलेलं माप सगळ्यात बरं. बदल विमा कंपनीलाही कळवावा.

तर देवरीच्या दोस्ता, निकाल ऐक. दादाला अलॉय हवीत, घेऊ दे. पण १५ इंची, १८५/६५ चे चांगले टायर घालून. दादाची हौस होईल, बाबांची काळजी मिटेल आणि आजीकडे जाताना पाचही जण गादीवर बसून जाल!

आता तुमचा गृहपाठ. १९५/५५ आर १६ या टायरचा पूर्ण व्यास किती? आणि गादी किती उरली? वहीत मांडा आणि पोस्टकार्डावर उत्तर पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात!