करडं पाकीट पुरुषांपुरतं

सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये औषधांची पाकिटं रंगावरून ओळखतात. परम्याचं, म्हणजे गोनोऱ्हियाचं, पाकीट करडं. त्यात ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, दोन्ही एकदाच घ्यायचं. स्लाइड नाही, कल्चर नाही. लक्षणं सांगा, पाकीट घ्या. जिथे लॅबच नव्हती तिथे ही पद्धत शहाणपणाचीच होती, आणि पुरुषांच्या बाबतीत ती आजही बऱ्यापैकी चालते. बायकांच्या बाबतीत चालत नाही. आम्हा लॅबवाल्यांना हे रोज दिसतं, पण विषय असा की कुणी मोठ्याने बोलत नाही.

पुरुषाचं सोपं असतं. संबंधानंतर साधारण दोन ते सात दिवसांत लघवीला आग आणि मग पिवळा पू. कपड्यांना डाग पडतात, म्हणून तरी तो येतो. त्या पुवाची स्लाइड ग्रॅमच्या पद्धतीने रंगवली की पू-पेशींच्या आत गुलाबी जोड्या दिसतात, राजम्याचे दोन दाणे पोटाला पोट लावून ठेवावेत तशा. १८७९ साली आल्बर्ट नायसरला दिसले ते हेच जंतू. म्हणून नाव नायसेरिया गोनोऱ्हिया. पू येत असलेल्या पुरुषात ही एवढीशी स्लाइड शंभरात पंचाण्णव वेळा तरी खरं सांगते.

बाईच्या शरीरात हाच जंतू गर्भाशयाच्या मुखाशी बसतो आणि बहुतेक वेळा चकार शब्द काढत नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त जणींना काही जाणवतच नाही. तिची स्लाइडही निम्म्या वेळा जंतू दाखवत नाही. उलट ‘अंगावरून पांढरं जातंय’ म्हणून ज्या येतात, त्यांतल्या बहुतेकींना परमा नसतोच, दुसरंच काही असतं. म्हणजे जिला आजार आहे ती येत नाही आणि येते तिला तो नाही. लक्षणं विचारून गोळ्या देणारी पद्धत इथे करणार काय?

पुढचं मग काही वर्षांनी कळतं. मूल होत नाही म्हणून एक जोडपं तपासण्यांसाठी माझ्याकडे आलं. तिच्या गर्भनळ्यांचा एक्स-रे सोबत होता, दोन्ही बंद. ती रक्त द्यायला आत गेली तेव्हा नवरा हळूच म्हणाला, “मॅडम, लग्नाच्या आधी मला उष्णतेचा त्रास झाला होता. मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या, थांबलं.” त्याचं थांबलं असेल किंवा नुसतं दबलं असेल. नळ्या परम्यानेच बंद झाल्या की संबंधांतूनच पसरणाऱ्या क्लॅमिडियाने, हे आता सिद्ध करता येणार नाही. जंतू केव्हाच निघून गेलेले. घरात मात्र दोष कुणाच्या पदरात पडला, हे सांगायला नकोच.

“मग कल्चर करा ना,” असं डॉक्टर म्हणतात. करू, पण हा जंतू भलता नाजूक. स्वॅब वाळला की मेला. उन्हातून मोटारसायकलवर दोन तास फिरून आलेल्या स्वॅबमधून काही उगवत नाही, आणि आम्ही ‘वाढ नाही’ असं लिहून मोकळे होतो. त्याला चॉकलेट अगार लागतं (चॉकलेटचा संबंध रंगापुरता, रक्त तापवलं की तसं तपकिरी होतं). शिवाय हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त हवा. त्यासाठी आम्ही अजून जुनीच युक्ती करतो: डब्यात प्लेटा, वर पेटती मेणबत्ती, झाकण घट्ट. मेणबत्ती आपोआप विझते तेव्हा हवा जंतूच्या सोयीची झालेली असते. एक-दोन दिवसांनी बारीक, राखाडी ठिपके. मग खात्री करायची, कारण या कुळात भावंडं पुष्कळ. मेंदूज्वराचा मेनिंगोकॉकस स्लाइडवर अगदी असाच दिसतो. तो ग्लुकोज आणि माल्टोज दोन्ही वापरतो, परम्याचा जंतू फक्त ग्लुकोज. या रिपोर्टवर संसार मोडतात, तेव्हा घाई नको.

घशात राहणारी निरुपद्रवी भावंडं तर वेगळीच डोकेदुखी. परम्याचा जंतू त्यांच्याकडून जनुकांचे तुकडे उचलतो, औषधाला न जुमानणारेसुद्धा. साध्या सर्दीला मेडिकलमधून ॲझिथ्रो आणून खाणारे आपण त्या भावंडांना तयार करत असतो. सल्फा गेली, पेनिसिलिनला पुरून उरणारे जंतू १९७६ मध्ये सापडले, मग सिप्रो गेलं. सेफिक्झिम अमेरिकेने २०१२ मध्येच पहिल्या पसंतीतून काढलं. तेच आपल्या करड्या पाकिटात.

माझं म्हणणं एवढंच की पुरुषांसाठी पाकीट राहू द्या, पण बायकांची तपासणी सुरू करा. यंत्रं आहेत. क्षयरोगासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत सीबीनॅट मशीन बसवली आहेत. त्याच मशीनला परमा आणि क्लॅमिडियाचं वेगळं कार्ट्रिज चालतं, दीड तासात उत्तर. कार्ट्रिज महाग आहे, मान्य. बंद नळ्यांवर होणारा टेस्ट ट्यूब बेबीचा खर्च कुणी तरी त्याच्या शेजारी मांडावा. सुरुवात गरोदर बायकांपासून करता येईल. एचआयव्ही आणि गरमीसाठी त्यांचं रक्त आपण घेतोच; परमा मात्र राहून जातो आणि बाळंतपणात बाळाच्या डोळ्यांत उतरतो. अशा बाळाचे डोळे दोन-चार दिवसांत पुवाने चिकटतात, वेळेत उपचार झाले नाहीत तर दृष्टी जाते. कोणतं औषध लागू पडेल हे मात्र ते कार्ट्रिज सांगत नाही, त्यामुळे मेडिकल कॉलेजांनी मेणबत्तीचे डबे फेकू नयेत.

“बायका अशा तपासणीला तयार होत नाहीत,” हे उत्तर मला ठरलेलं मिळतं. या तपासणीला टेबलावर झोपावं लागत नाही. स्वॅब बाईने स्वतः, बाथरूमची कडी लावून घेतला तरी चालतो, निकाल तितकाच भरवशाचा येतो. अडचण त्यानंतर असते. तिचा रिपोर्ट आला की नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं, नाहीतर महिनाभरात ती पुन्हा तिथेच. आणि नवऱ्याला बोलावणारी चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची कुणी, यावर आजवर प्रत्येक ठिकाणी मला एकच उत्तर मिळालंय: “तीच देईल की.”